शालिककाकांनी नेलेले बूट

शालिककाका गेल्याचा प्रणालीचा फोन आला, तेव्हा मी शाळेच्या मैदानावर पोरांना रांगेत उभं करत होते. फोन ठेवला आणि मला रडू आलं. रडता रडता मध्येच रागही आला. मरणाच्या बातमीवर माणसाला दोन्ही एकदम येतं का, मला माहीत नाही. मी पोरांना खेळायला सोडून दिलं आणि कडुनिंबाखाली बसून राहिले. या माणसानं माझं भलं केलं की वाटोळं, हे मला इतक्या वर्षांत काही ठरवता आलेलं नाही, आणि आता विचारायलाही ते राहिले नव्हते.

काका आमच्या राजापेठेतल्या गल्लीत, दोन घरं सोडून राहायचे. चांदूर बाजारकडे त्यांच्या घरची संत्र्याची बाग होती. ती थोरला भाऊ बघायचा आणि काका अमरावतीत फळांचं दुकान चालवायचे. उंच, किडकिडीत माणूस. बारा महिने सालं सोलून नखं पिवळी झालेली. ते जिना चढून वर यायच्या आधी त्यांचा सालीचा वास वर यायचा आणि आई म्हणायची, "आले पाहा तुये काका."

दुसऱ्याच्या वतीनं ठरवून टाकायची त्यांना भारी खोड. गिऱ्हाईक पपई उचलायचं तर काका ती हातातून काढून घ्यायचे. "हे आज नोको नेऊ. परवा ये." काहून म्हणून विचारलं की, "नोको म्हनलं ना." त्यापुढे अक्षर नाही. माणसं चिडायची, समोरच्या दुकानात जायची आणि परवा मुकाट्यानं परत यायची. कारण सांगणं हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटत असावा. एकदा माझ्या बाबांनी जुनी स्कूटर घेतली. बाबा ऑफिसात गेल्यावर काका घरी आले, आईकडून किल्ली मागितली, आणि स्कूटर ज्याची होती त्याला नेऊन परत दिली. संध्याकाळी बाबांनी गल्ली डोक्यावर घेतली. "माही गाडी, मी पसंत केली, अन् वापस करनारा हा कोन?" काका ओट्यावर उभे राहून शांतपणे म्हणाले, "ते गाडी बरोबर नव्हती, भाऊ." काय बरोबर नव्हतं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाबांनी त्यांना तेव्हापासून माफ केलं नाही. मला मात्र त्या वयात हे फार थोर वाटलं होतं.

प्रणाली त्यांची एकुलती एक लेक. ती आणि मी एका वर्गात, एका बाकावर, आणि एकाच शर्यतीत. तीन हजार मीटर. आम्हाला पळायला काकांनीच लावलं. पहाटे गल्लीत कुत्री फार, म्हणून आम्ही दोघी पुढे पळायचो आणि मागून काका मोटारसायकलच्या दिव्याचा उजेड पाडत यायचे. कुत्रं भुंकलं की हॉर्न, नाहीतर हळू आवाजात भजन. घड्याळ त्यांनी कधी लावलं नाही. मैदानावर आमचे सर शिट्टी आणि घड्याळ घेऊन उभे असायचे आणि काका कुंपणाबाहेर उकिडवे बसायचे. बहुतेक वेळा मी प्रणालीच्या चार-सहा पावलं पुढे असायची. ती हिरमुसली की काका तिला म्हणायचे, "मांगं राह्यली तरी जमते, पन हिले सोडू नोको." आणि आम्हा दोघींना सारखंच दूध पाजायचे. बापाला लेक मागे पडलेली बोचत नाही का, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता असं बाबा नंतर म्हणाले.

माझं दुखणं एकच होतं. स्पर्धा आली की घसा धरायचा, गिळता यायचं नाही आणि ताप चढायचा. शाळेच्या जिल्हा स्पर्धेत मी तापातच पळाले आणि पाचवी आले. घरातले सगळे गुळण्या, हळद-दूध, काढा यांवर होते. काकांनी मात्र एक दिवस बाबांसमोर बसून सांगितलं, "संत्र्याच्या झाडाची वाळली फांदी, सल म्हंतो आमी तिले. ते काढल्याबिगर झाड बहरत नाई. पोरीचा गया दर वर्षी सडते. टॉन्सिल काढून टाका." बाबा नाही म्हणाले. म्हणून काकांनी परस्पर डॉक्टरांची वेळ घेतली, दिवाळी झाली की लगेचची. डॉक्टरांनी तपासलं आणि तेही टॉन्सिल काढून टाका म्हणाले, तेव्हा बाबांचा नाइलाज झाला.

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी सर दवाखान्यात बातमी घेऊन आले. पुण्याकडच्या एका निवासी प्रशिक्षण केंद्राची निवड चाचणी अकोल्याला होणार होती. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिथेच. आमच्या भागातून लांब पल्ल्याला मुलींची जागा एकच. आणि डॉक्टरांनी मला तीन आठवडे पळायला मनाई केली होती. चाचणी त्या मुदतीच्या दोनच दिवस अलीकडे पडत होती. मी बोलू शकत नव्हते. नुसती सरांकडे बघत राहिले. सर म्हणाले, "दोन दिवसांनी काय बिघडतं, पाहू." बाबा मात्र जिन्यात जाऊन आईला म्हणाले, "सर फळं कोनाच्या दुकानातून नेतात? त्या शालिकले तारीख आधीच माहीत असंन. म्हून तं दिवाळीनंतर लगेच कापाले लावलं." आई म्हणाली, "काहीतरी बोलू नका." पण तिचाही आवाज डळमळीत होता. दार उघडं होतं आणि कान माझे चांगले होते.

खरं तर कानही दुखत होते. घसा कापला की कान का दुखावा, हे मला कुणी नीट सांगितलं नाही. घोट घेतला की कळ थेट कानात जायची. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कुणी जात नाही, आणि कार्तिकात अमरावतीत हातात येतं ते संत्रं. दोन दिवसांत घरात संत्र्यांचा ढीग लागला. त्यात शालिककाका स्टीलच्या डब्यात रस घेऊन आले. स्वतः काढलेला, दोनदा गाळलेला, बागेतल्या खास झाडाचा. समोर बसून म्हणाले, "घे, एका दमात." नाही म्हणायला माझ्याजवळ आवाज नव्हता आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायची सवय नव्हती. मी एक मोठा घोट घेतला. कुणी ओल्या जखमेवर मिठाचं पाणी ओतावं तसं झालं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. काका आनंदानं आईकडे वळले. "पाहा वैनी, कसं बरं वाटून राह्यलं पोरीले. डोयात पानी आलं तिच्या."

डॉक्टरांनी नंतर त्यांना आंबट बंद म्हणून दम भरला, तर ते त्यांना पटेचना. "संत्र्यानं कोनाचं वाईट झालं काय आजवर?" असं ते आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होते. बाबांचं मत पक्कं झालं, की पोरीचा गळा जाळायचाच होता. आणि मग हेच काका दुसऱ्या दिवशी टोपलीभर सीताफळं घेऊन आले, आमच्या ओट्यावर बसले, आणि एकेक पाकळी दाबून बी काढत राहिले. दुपार गेली. वाटीभर गर झाला. तो माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हे गोड हाय. अन् आईक, या वर्षी पयनं तू डोक्यातून काढ." मी वाटीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. हातानं भरवत होते आणि तोंडानं पळणं काढून घेत होते. मला खरंच काही कळेना. गर मात्र मी सगळा खाल्ला.

मला अकोल्याला मावशीकडे पाठवायचं, हेही त्यांनीच ठरवलं. "इथं मैदान दोन पावलावर. हे पोट्टी पयल्याशिवाय राहनार नाई." बाबांनी याचाही अर्थ लावला: मैदानापासून लांब नेऊन टाकतो आहे. आईला मात्र ते पटलं. काकांच्या फळांच्या टेम्पोत पुढच्या सीटवर आई आणि मी, मागे क्रेटच्या थप्प्या. मूर्तिजापूरला त्यांनी टेम्पो थांबवून मला आइस्क्रीम घेऊन दिलं. थंड खा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. "हे बोलत नाई," एवढंच त्यांनी दुकानदाराला सांगितलं. त्याला वाटलं मी जन्माचीच मुकी. त्यानं हळहळून अजून एक गोळा घातला. काकांनी त्याचा गैरसमज दूर केला नाही. टेम्पोत बसल्यावर मात्र एवढे हसले, की आईही हसली आणि मला घसा धरून हसू दाबावं लागलं.

अकोल्यात जठारपेठेत मावशीचं घर. खिचडीची पेज, थंड दूध, दुपारची झोप. माझे पाय रात्रीही स्वस्थ नसायचे. अंथरुणात टाचा आपोआप हलायच्या. प्रणालीचा रोज मेसेज यायचा, आज सरांनी काय करून घेतलं ते सगळं. शेवटी लिहायची, "तू नसलीस की मजा नाही." मी तो वाचायची आणि वाटायचं, खरं लिहिते, मग वाटायचं, मजा नसेल पण जागा तर आहे. असा विचार केल्याचं मलाच वाईट वाटायचं, आणि पुन्हा तोच यायचा. बाबा फोनवर सांगायचे, तयारी ठेव. आई म्हणायची, जीव आहे तर सगळं आहे. सर म्हणायचे, तुझं तू बघ. माझं मी बघायचं म्हणजे नेमकं कुठे बघायचं?

शेवटी एका पहाटे मी बूट घातले आणि मावशीच्या गच्चीवर फेऱ्या मारायला लागले. हळूच, आवाज न करता. श्वास मोकळा येत होता. आधी कधी एवढा मोकळा आला नव्हता. मला उडी मारावीशी वाटली. तेवढ्यात खाली टेम्पोचा आवाज आला. काका अकोल्याच्या बाजारात माल उतरवून अधूनमधून मावशीकडे फळं द्यायला यायचे. खालून त्यांना कठड्यावरून माझं डोकं जाताना-येताना दिसलं असणार. ते वर आले. ओरडले नाहीत. माझ्यासमोर खाली बसले, म्हणाले, "काढ." मी बूट काढले. त्यांनी ते उचलले, खाली नेऊन रिकाम्या क्रेटमध्ये ठेवले, वर गोणपाट टाकलं आणि निघून गेले. मी कठड्याला धरून बघत राहिले. हाक मारायची तर ओरडायची बंदी.

त्याच संध्याकाळी चूळ भरताना थुंकीत बारीक तांबडा धागा आला. मी नळ सोडला आणि तो वाहून जाऊ दिला. मावशीला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. रात्रभर जीभ टाळ्याला लावून झोपले. सकाळी काही नव्हतं. म्हणजे काका बरोबर होते? की गच्चीवर पळाले नसते तरी तो धागा आलाच असता? डॉक्टरांनी सांगितलंच होतं, खपली निघताना थोडं येतं. पुढच्या तपासणीत ते म्हणाले, जखम छान भरते आहे, पण मुदत म्हणजे मुदत.

बुटांची बातमी बाबांना कळली तेव्हा फोन कानापासून लांब धरावा लागला. ते स्वतः शालिककाकांच्या दुकानावर गेले, भर गिऱ्हाइकांत बूट मागितले. काका म्हणाले, "देईन नं. त्या दिवशी घेऊन येतो मीच." बाबांनी नवे घ्यायचं ठरवलं, तर सरच म्हणाले की नव्या बुटात तीन हजार पळाली तर पायाची सालं निघतील. त्यामुळे सगळं काकांच्या येण्यावर येऊन थांबलं.

चाचणीचा दिवस उजाडला. बाबा अमरावतीहून आदल्या रात्रीच आले होते. सर आणि प्रणाली पहिल्या गाडीनं आले. प्रणालीनं मला मिठी मारली, मग बाजूला होऊन माझा चेहरा बघितला आणि काहीच न विचारता धावपट्टीकडे गेली. मी पायऱ्यांवर अनवाणी बसले होते. मी पळायचं ठरवलं होतं असं नाही, आणि नाही पळायचं असंही ठरवलं नव्हतं. बूट समोर आले असते तर त्या क्षणी ठरलं असतं. पण काका येईनात. बाबा दर मिनिटाला गेटकडे जाऊन येत होते. फोन लावला तर म्हणे मूर्तिजापूरच्या अलीकडे पंक्चर. माझं नाव पुकारलं गेलं. परत पुकारलं गेलं. सर माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. मुली रेषेवर उभ्या राहिल्या, आणि तेव्हा काका गेटमधून आत आले. हातात पिशवी, पिशवीत बूट.

बाबा त्यांच्या अंगावर धावूनच गेले होते, पण वाटेत थांबले. "झालं समाधान?" एवढंच म्हणून ते गेटबाहेर निघून गेले. काका माझ्या शेजारी येऊन बसले. बूट धुतलेले होते, लेस काढून परत ओवलेल्या. शिट्टी झाली. मुली सुटल्या. आणि काकांनी पाठ फिरवली. धावपट्टीकडे पाठ करून, पायरीच्या भिंतीकडे तोंड करून ते बसले.

"मले पाहवत नाई," ते म्हणाले. "तू सांग."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ज्यांनी मला तिथे बसवलं होतं, ते मलाच सांगत होते की माझ्या जागेची शर्यत मी त्यांना तोंडानं ऐकवावी. उठून जावं असं वाटलं. पण उठले नाही, धावपट्टीकडे बघितलं.

"सगळ्या एका ठिकानीच हायेत," मी म्हणाले. आवाज माझा मलाच नवा वाटत होता, थोडा पातळ.

"प्रणाली?"

"मधात हाय. हात वर घेऊन राह्यली."

"खाली घे म्हना तिले."

"आइकू जात नाई, काका."

फेऱ्या होत गेल्या. मी सांगत गेले. दोन मुली सुटून पुढे गेल्या, त्यात एक प्रणाली. दुसरी बुलढाण्याकडची, बारीक, केस कापलेली. प्रणाली तिच्या खांद्याशी होती. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा मी उभी राहिले आणि बोलायचं विसरले. काका माझ्या ओढणीचं टोक ओढून "सांग नं, सांग नं" करत होते. शेवटच्या वळणावर प्रणाली पुढे आली. मग ती मुलगी पुढे गेली. मी ओरडले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ओरडले, "पय प्रणाली, पय!" आणि घशात ठिणगी पडली. प्रणाली हातभर मागे राहिली.

"कितवी?" काकांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"दुसरी."

जागा एक होती. म्हणजे मलाही नाही आणि तिलाही नाही. एका क्षणापुरतं मला बरं वाटलं, लगेच त्याची लाज वाटली, आणि मी खाली बसले. काकांनी पिशवीचं तोंड गुंडाळलं. मग म्हणाले, "तू पयली असती तं तुले मिळाली असती जागा."

"मले नाई माहीत, काका."

"मले माहीत हाय. म्हून तं बूट नेले."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते नखांखालचा पिवळेपणा दुसऱ्या नखानं कोरत होते. आयुष्यात कधी कारण न सांगणारा माणूस आज न विचारता सांगत होता.

"गयासाठी नाई नेले?" मी विचारलं.

"गयासाठी बी नेले. त्या दिवशी गच्चीवर तुले पाह्यलं अन् काळजात धस्स झालं माह्या. तुले काई झालं असतं तं मी तुया मायले काय तोंड दाखवलं असतं? गाडीत ठेवले तेव्हा गयासाठीच ठेवले. बडनेऱ्यापाशी आलो अन् वाटलं, आता आपली प्रणाली जाते." ते परत नख कोरायला लागले. "तवापासून रोज इचार करतो, पोरी. सकाई एक वाटते, संध्याकाई दुसरं. मलेच समजून नाई राह्यलं."

"अन् पंक्चर?"

"पंक्चर खरं होतं." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पन ते निघाल्यावर मी चहा घेतला. दोनदा घेतला."

मला राग यायला हवा होता. आलाही असेल. पण एवढं खरं माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. काकांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, पायऱ्या उतरले, आणि धावपट्टी ओलांडून प्रणालीकडे गेले. ती गवतावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. ते वाकून तिच्याशी काहीतरी बोलले. तिनं वर पाहिलं, मग लांबून माझ्याकडे पाहिलं, आणि बापाचा हात झटकून टाकला. काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. प्रणालीनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात दुकान दुसऱ्याला देऊन ती मंडळी चांदूर बाजारला बागेवर राहायला गेली. त्यानंतर मी प्रणालीला भेटत राहिले, काकांशी फोनवर बोलले, पण काका समोर पुन्हा कधी दिसले नाहीत.

गेटबाहेरून बाबा हाका मारत होते. प्रणाली तिकडे रडत होती. मी बूट घातले, लेस आवळली, आणि बाबांकडे न जाता मैदानात उतरले. पाय आपोआप लांब पडायला लागले. दोन पावलं गेले असेन नसेन, मैदानाच्या मधोमध उभे राहून काकांनी दोन्ही हात वर केले आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "पयू नोको वं! दोन दिवस हायेत अजून! चालत ये!"

मी चालत गेले.